चिमणी गप्प झाली तेव्हा

हेळवाकला चहाला थांबलो होतो. जीप टपरीपुढे लावून इंजिन बंद केलं, तर टपरीवाले काका दुधाच्या पातेल्यावरची नजर न काढता म्हणाले, "पाव्हणं, गिरीस कधी मारलंय?" ते गाडीबद्दल विचारतायत हे माझ्या लक्षात यायलाच वेळ लागला. "खाली चिमणी वरडतीया. मागच्या शाफ्टाचा क्रॉस सुकलाय बघा. ह्या रोडला बावीस वर्सं वडाप मारलंय म्या, लांबनं कळतंय. घाट उतरायच्या आदी मारून घ्या." वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी जीप. शाफ्ट म्हणजे इंजिनाचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दांडा, आणि क्रॉस त्याच्या टोकाचा सांधा. मी मान डोलावली आणि चहाचे पैसे दिले. गौरी जेवायचा दिवस होता, चिपळूणला मावशीकडे पोचायचं होतं, साडेअकरा वाजून गेले होते आणि ग्रीस गन कराडला शेडमधल्या खिळ्याला टांगलेली होती. शिवाय ती चिमणी माझ्या ओळखीची होती. दीड-दोन महिने ती आमच्याबरोबर होती. गाडी सुटली की चिक्, चिक्, चिक्. वेग वाढला की त्याच मापात घाई. माझी बारा वर्षांची लेक शेजारी बसून त्या तालावर मांडीवर बोटं वाजवायची. गाडीचा आवाजच असा आहे, असं आम्ही दोघांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

हेळवाक मागे पडलं आणि पाऊस आला. त्या भागात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पडतो, तिथला पाऊस कधी रिमझिम म्हणून येतच नाही. ताडपत्रीच्या हुडावर मूठमूठ वाटाणे टाकल्यासारखा आवाज, पायापाशी गळणारं पाणी, ओल्या कॅनव्हासचा आणि सीटखालच्या डिझेलचा मिसळलेला वास. रस्त्यावर साचलेलं पाणी चाकांनी उडून खालच्या पत्र्यावर आपटत होतं. कुंभार्ली घाट निम्मा उतरलो असू, तेव्हा पाऊस थोडा कमी झाला आणि लेक म्हणाली, "बाबा, चिमणी गेली." मी कान दिला. खरंच आवाज नव्हता. "पाणी लागलं ना, बरी झाली," मी म्हणालो.

बरी झाली.

ह्या दोन शब्दांनी मला गेले काही महिने झोपू दिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत निघालो. पोफळी सोडलं, चढ सुरू झाला. धुकं खाली उतरत होतं, दुसरा गिअर, पुढे उसाची नसलेली पण तेवढीच सावकाश चाललेली एक ट्रक. एका वळणावर थोडा जोर द्यायला ॲक्सिलरेटर दाबला आणि खालून धाड् करून आवाज आला. मग लोखंडावर लोखंड आपटत राहिल्याचा खडखडाट. इंजिन एकदम मोकळं सुटून ओरडायला लागलं. जीप जागच्या जागी थबकली आणि मग अगदी हळू, एखादं माणूस विचार बदलतं तशी, मागे यायला लागली. मी ब्रेकवर उभा राहिलो. हँडब्रेक ओढला, तो नेहमीसारखा वर आला, नेहमीसारखा घट्टही लागला, पण ब्रेकवरचा पाय जरा सैल केला की गाडी मागे सरकायची. पहिला गिअर टाकून इंजिन बंद केलं, तरी तेच. जुन्या जीपची ही गोष्ट मला पुस्तकातल्या वाक्यासारखी पाठ होती आणि त्या क्षणापर्यंत अंगाला कळली नव्हती: ह्या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो. गिअरबॉक्सच्या मागे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी असते, ट्रान्सफर केस. तिच्या मागच्या तोंडावर, जिथून मागचा शाफ्ट निघतो तिथे त्याचा ड्रम असतो. शाफ्ट शाबूत असेल तर ड्रम धरला की चाकं धरली जातात. शाफ्ट तुटला की गिअरही गेला आणि हँडब्रेकही. उरतो फक्त पायाखालचा ब्रेक, आणि तो पाय आता मला उचलता येणार नव्हता.

"खाली उतर, डोंगराच्या बाजूनं," मी लेकीला म्हणालो. "मोठा दगड बघ. मागच्या चाकाच्या मागं घाल. हात चाकाखाली न्यायचा नाही, पायानं ढकल." माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. ती परकर गुडघ्यापर्यंत धरून उतरली. आरशात ती मला दिसत नव्हती. मागे दगड घासत आणल्याचा आवाज आला, तो थांबला, मग परत आला. माझी पोटरी थरथरत होती आणि मी मनात आकडे मोजत होतो. "घातला!" ती ओरडली. मी अर्धा इंच पाय सोडला. गाडी दगडावर टेकली आणि थांबली. खालून येणाऱ्या टेम्पोचा क्लीनर काही न विचारता लाकडी ठोकळा घेऊन धावत आला, दुसऱ्या चाकाला लावला, मग मी उतरलो. लेकीच्या नव्या परकराला तांबड्या चिखलाचा हात पुसलेला होता. ती रडत नव्हती. "अजून एक लावू का?" तिनं विचारलं.

खाली वाकून पाहिलं. मागच्या शाफ्टचं डिफरन्शियलकडचं, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याकडचं, टोक सुटून रस्त्यावर टेकलं होतं. फिरता फिरता त्यानं सायलेन्सरची पाइप चेपवली होती. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची बारीक पाइप जिथे आपटल्याच्या खुणा होत्या तिथून चार बोटांवर होती. आमच्या गाडीत ब्रेकची एकच लाइन आहे, पुढची-मागची वेगळी नाही. कुठेही फुटली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. मी ती चार बोटं खरोखर माझ्या हाताची बोटं लावून मोजली. का मोजली ते माहीत नाही.

रेंजची एक काडी होती. अण्णांना फोन लावला.

माझे वडील जनावरांचे डॉक्टर. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पाटण तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर त्यांनी तीसेक वर्षं काढली, त्यातली पुढची बरीचशी ह्याच जीपमधून. ती त्यांनी १९९१ साली लिलावात घेतली. उंच बॉनेटची, तोकडी, चाकांच्या दोन जोड्यांत ८० इंचांचं अंतर. ज्यांना जीप माहीत आहेत ते बॉनेटवरूनच ओळखतात. युद्धातल्या जीपचं बॉनेट सपाट आणि ठेंगणं होतं. १९४१ ते १९४५ मध्ये विलीज आणि फोर्ड ह्या दोघांनी मिळून तशा सहा लाखांहून जास्त गाड्या काढल्या. पुढे १९५३ मध्ये आमच्या गाडीचं हे मॉडेल, सीजे-३बी, आलं, त्यात तेवढ्याच २१९९ सीसीचं पण ६० ऐवजी ७५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. त्याचे हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर गेल्यामुळे इंजिन उंच झालं, म्हणून वरचं बॉनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत हे रूप मागे पडलं, आपल्याकडे मात्र दशकानुदशकं रस्त्यावर राहिलं. आमच्या गाडीचं ते पेट्रोल इंजिन आधीच्याच कुणीतरी काढून डिझेल बसवलं होतं. त्या काळात पेट्रोल जीप ज्याच्या दारात, त्यानं एकदा तरी हा हिशेब केलेला असायचाच. इंजिन बदललं तरी खालचं सगळं मूळचं राहिलं: लोखंडी चासी, चारही कोपऱ्यांना स्प्रिंगचे पाटे, ड्रायव्हरच्या सीटखाली टाकी, आणि मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे, एक पुढचा ॲक्सल जोडायचा, एक लो गिअर टाकायचा.

अण्णा त्या गाडीला आजारी जनावरासारखं वागवायचे. हे मी उपमा म्हणून लिहीत नाही, ते खरोखर तसं करायचे. गाय चारा सोडून बसली की तिच्या डाव्या भकाळीवर, बरगड्यांमागच्या खळग्यावर, मूठ रोवून ते घड्याळाकडे बघत उभे राहायचे. आतलं कोटीपोट निरोगी जनावरात मिनिटाला एक-दोनदा हलतं, मुठीला आतून लाट येऊन ढकलते. मी लहान असताना त्यांनी माझी मूठ तिथे ठेवून मला ती लाट दाखवली होती: आधी काहीच नाही, गरम केसाळ कातडं फक्त, आणि मग कुणीतरी गादीखालून उठून बसावं तसं काहीतरी. "हे थांबलं की काळजी," ते म्हणाले होते. "हंबरणारी गाय मला परवडते. गप्प बसलेली नाही." घरी आल्यावर तोच माणूस जीपचं इंजिन चालू ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाण्याच्या पंपावर टेकवायचा आणि मूठ कानाशी धरायचा. मग डायनामोवर. मग गिअरबॉक्सवर. मिस्त्री लोक करतात तसंच, पण त्यांचा चेहरा गोठ्यातला असायचा.

जुन्या जीपच्या दुखण्यांची यादी कुठल्याही गॅरेजमध्ये पाच मिनिटांत मिळेल. पाटे तुटतात, सील गळतात, स्टेअरिंगला प्ले येतो, डिझेलला एअर धरते, अर्थिंग जातं. ही यादी मला लहानपणापासून पाठ आहे. घाटातल्या त्या दुपारनंतर मी ती परत परत आठवून बघितली, आणि मला भीती वाटली ती एका गोष्टीची की ह्यातल्या कितीतरी दुखण्यांत एक टप्पा असा येतो जेव्हा गाडी तक्रार करायची थांबते. आणि आपण तेव्हा सुटकेचा श्वास टाकतो.

तेलाचं बघा. ट्रान्सफर केसखाली सिमेंटवर रोज रुपयाएवढा काळा डाग पडायचा. रबरी सील जुनं झालं की कडक होतं, शाफ्टला नीट मिठी मारत नाही, तेल झिरपतं. अण्णा तिथे पत्र्याचं झाकण ठेवायचे आणि सकाळी त्यात काय पडलंय ते बघायचे. एकदा आईनं आनंदानं सांगितलं, आज झाकण कोरडं आहे. अण्णा दाढी करत होते, तसेच अर्ध्या साबणाच्या तोंडानं पाना घेऊन गाडीखाली गेले. प्लग काढून करंगळी आत घातली, करंगळी कोरडी आली. गळायला तेल उरलंच नव्हतं. तापमानाच्या काट्याचंही तसंच. घाट चढताना काटा वर वर जातो, जातो, आणि अचानक खाली येतो, तेव्हा नवख्या माणसाला वाटतं की वारा लागला, इंजिन निवलं. पण तो काटा ज्या सेन्सरवर चालतो तो पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. होज फुटून पाणी त्याच्या खाली गेलं की सेन्सर हवेत लोंबकळतो आणि काटा थंड दाखवतो. त्याच वेळी डोक्यावरचा हेड तापून वाकत असतो. मी हे आमच्या गाडीत पाहिलेलं नाही, अण्णांनी दुसऱ्याच्या गाडीत पाहिलं होतं, पण ते सांगायचे तेव्हा गंभीर दुर्घटनेबद्दल बोलावं तसा आवाज करायचे.

ओढ्यातून जायचं झालं तर ते पाण्याआधी थांबायचे. मोरगिरीकडच्या वाड्यांवर पावसाळ्यात ओढे ओलांडल्याशिवाय पोचताच यायचं नाही, आणि तिकडे व्यायला अडलेली म्हैस असायची, तरी हे बिडीएवढा वेळ थांबणार. त्यांना बिडीचं व्यसन नव्हतं, नुसतेच उभे राहायचे. डिफरन्शियल चालून तापलेलं असतं, आतली हवा फुगलेली असते. तसंच थंड पाण्यात घातलं की हवा आकसते आणि आत ओढ घेते. त्यासाठी वर एक छोटा ब्रीदर, हवा जा-ये करायची वाट, असतो, तो चिखलानं बुजला असेल तर ओढ सीलमधून लागते, म्हणजे ओढ्याचं पाणी थेट गिअर ऑइलमध्ये. महिन्यानं प्लग उघडला तर काळ्या तेलाऐवजी साय धरलेला दुधाचा चहा बाहेर येतो. ह्यालाही आवाज नाही. गाडी आधीसारखीच चालते, दात आतल्या आत गंजत राहतात, आणि बेअरिंग बोलायला लागतं तेव्हा खर्च ठरून गेलेला असतो. ओढ्यापलीकडे गेल्यावर ते पन्नास पावलं ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायचे, ड्रममधलं पाणी जाळून टाकायला. म्हैस तोवर वाट बघायची. एकदा पोचायला उशीर झाला आणि रेडकू गेलं, त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावला नाही, पण ते पुढे कित्येक वर्षं त्या वाडीत फी घेत नव्हते.

पाट्यांचं दुखणं ह्या सगळ्यांत प्रामाणिक. मेन पाटा तुटला की गाडी एका अंगाला बसते, आंधळ्यालाही कळतं. त्यातही एक फसवा प्रकार आहेच: यू बोल्ट सैल राहिले की मधला सेंटर बोल्ट कापला जातो, ॲक्सल बोटभर मागे सरकतो, आणि गाडी खेकड्यासारखी थोडी तिरकी चालते. चालवणाऱ्याच्या हाताला त्याची सवय होते. मागून येणाऱ्यालाच दिसतं.

आता क्रॉसविषयी, कारण मी त्या दिवशी जे मोडलं ते नंतर हातात घेऊन पाहिलं. अधिक चिन्हाच्या आकाराचा तळहातात मावणारा पोलादी तुकडा, चार हात, प्रत्येक हातावर एक टोपी आणि टोपीत सुयांसारख्या बारीक रोलरची ओळ. शाफ्टला खालीवर वाकत फिरता यावं म्हणून दोन्ही टोकांना एकेक. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट पाचेक वेळा फिरतो, म्हणजे बिचाऱ्या क्रॉसच्या नशिबात चाकाच्या पाचपट कष्ट. आणि गंमत नाही, दुर्दैव असं की त्या सुया कधी पूर्ण गोल फिरतच नाहीत. शाफ्टचा कोन जेवढा, तेवढंच थोडं पुढे, थोडं मागे, त्याच जागी. ग्रीस सगळीकडे पसरत नाही, सुया एकाच ठिकाणी घासत पोलादात चर पाडतात. ग्रीस संपलं की लोखंडावर लोखंड घासून तांबूस भुकटी निघते. टोपीच्या कडेला ती कुंकवासारखी जमते. आवाज येण्याच्याही आधी ती दिसते, बघणाऱ्याला. मग आवाज येतो, चिमणीचा. पाणी लागलं की काही काळ तेच वंगण होतं आणि चिमणी गप्प बसते, पण पाणी आतला उरलासुरला ग्रीस धुऊन नेतं. आमच्या क्रॉसच्या एका टोपीत एकही सुई सापडली नाही. नुसती लाल भुकटी होती, बोटाला लावली तर सुकलेल्या रक्तासारखी.

तर फोन. अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "चाकाला दगड आहे का?" दुसरा, "पोरगी कुठंय?" मग त्यांनी मला एकेक पायरी सांगितली, सावकाश, जणू मी एखादा घाबरलेला शेतकरी आणि त्यांना वाडीत पोचायला दोन तास आहेत. मागचा शाफ्ट दोन्ही टोकांनी सोडून काढ, गाडीत टाक. पुढच्या दोन्ही हबांचे, म्हणजे चाकांच्या मध्यांचे, लॉक फिरव, म्हणजे चाकं ॲक्सलला जोडली जातील. इंजिन चालू करायच्या आधी नीट बघ, दोन्ही खुणा एकसारख्या आल्यात का. मग पुढच्या ॲक्सलचा दांडा टाक. "पुढच्या चाकांवर घरी ये. बैलगाडीसारखी. ओढत आणंल ती." पुढचा ॲक्सल जोडला की हँडब्रेकही पुन्हा धरणार, हे त्यांनी मला आठवून सांगितलं, कारण आता तोच ड्रम पुढच्या चाकांना बांधला गेला होता. उजव्या हबचा लॉक फिरेना. कधीच वापरला नव्हता, आतलं ग्रीस साबणासारखं घट्ट झालं होतं. टेम्पोवाल्यानं पान्याच्या दांड्यानं हलके ठोके घातले, मी फिरवत राहिलो, पाऊस मानेवरून पाठीत उतरत होता. खट् करून बसला तेव्हा आम्ही तिघंही एकमेकांकडे बघून हसलो. त्याच्यासारखे आवाज मी आयुष्यात थोडेच ऐकले असतील.

फोन ठेवायच्या आधी मी कबुली द्यावी तसं म्हणालो, "अण्णा, चिमणी ओरडत होती दोन महिने. माझी चूक झाली."

"कसली चिमणी?" ते म्हणाले.

मला वाटलं रेंज गेली. मी परत सांगितलं, मोठ्यांदा. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी पंधरा दिवसांपूर्वी बसलो होतो ना गाडीत. बँकेत गेलो तेव्हा." हो, बसले होते. माझ्या शेजारी, जाऊन येऊन चौदा किलोमीटर. चिमणी सगळा वेळ ओरडत होती. आणि मी, आता मला स्वच्छ आठवतं, त्या दिवशी त्यांच्याकडे बघून मनात म्हणालो होतो: अण्णा काही बोलत नाहीत, म्हणजे काही नसणार. एवढ्या तेवढ्याला स्क्रू ड्रायव्हर मागणारा माणूस शेजारी बसलाय आणि गप्प आहे. माझ्या सगळ्या बेफिकिरीला त्यांच्या गप्प बसण्याचा आधार होता. त्यांना ऐकूच येत नव्हतं हे मला सुचलं नाही. म्हातारपणी आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. बोलणं बऱ्यापैकी कळतं, दारावरची थाप कळते, म्हणून घरातल्यांच्या लक्षात येत नाही. पाखरं जातात. प्रेशर कुकरची शेवटची बारीक शिट्टी जाते. किती दिवसांपासून, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. हेही मी आईला विचारल्यावर कळलं की पहाटे अंगणात बसायचं त्यांनी वर्षभरापासून सोडून दिलंय.

पुढच्या चाकांवर रात्री साडेआठला कराडला पोचलो. स्टेअरिंग जड, वळणावर गाडी हट्टानं सरळ जाऊ बघायची, पण आली. अण्णा फाटकात उभे होते, हातात बॅटरी. त्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्या तळव्याला दगडानं खरचटलं होतं ते बॅटरीच्या उजेडात बघितलं, आणि मग गाडीभोवती एक फेरी मारून शेडमध्ये गेले. मी जेवायला बोलवायला गेलो, तर इंजिन चालू होतं आणि ते स्क्रू ड्रायव्हर पंपावर टेकवून उभे होते. मूठ कानाला नव्हती. कानामागच्या हाडाला लावलेली होती, डोळे मिटलेले. "असं येतंय थोडं," ते म्हणाले. मी काही बोललो नाही, दारातच थांबलो.

कानाच्या डॉक्टरांकडे जायला ते दिवाळीनंतर तयार झाले. यंत्र मिळालं. ते घालतात, काढतात, परत घालतात. सगळंच मोठ्यांदा येतं म्हणतात, भांड्यांचा आवाज टोचतो. मी आग्रह करत नाही, आणि करत नाही हे बरोबर आहे का ह्याचाही निर्णय मला होत नाही. नवा क्रॉस काहीशे रुपयांचा. मिस्त्रींनी एका दुपारी बसवला आणि जुना फेकून द्यायला निघाले, तो मी मागून घेतला. आता टेबलावर आहे.

मध्यंतरी मुद्दाम हेळवाकला गेलो होतो. काकांनी मला ओळखलं नाही, गाडी ओळखली. "आता नाय वरडत," एवढंच म्हणाले आणि मग माझ्याकडे बघून, "मारलं न्हवं गिरीस?" मी सगळं सांगितलं. दगडापर्यंत आलो तेव्हा त्यांनी स्टोव्ह बारीक केला. वडापाच्या दिवसांत एकदा त्यांचाही शाफ्ट गेला होता, आत चौदा माणसं होती. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

हा लेख लिहायला बसलो त्या रविवारी लेक जीपखाली होती. पाठीखाली पोतं, तोंडाला रुमाल, हातात ग्रीस गन. हे काम तिनं स्वतःहून मागून घेतलंय. पुढच्या शाफ्टची पाळी होती, आम्हाला घरी ओढून आणलेला तो शाफ्ट, ज्याच्याकडे नव्या क्रॉसच्या आनंदात कुणी बघितलंच नव्हतं. अण्णा बाहेर खुर्ची टाकून बसले होते, कानात यंत्र होतं. गन निप्पलला बसल्याचा आवाज, मग दांड्याचा कचक्, कचक्. क्रॉसला एकच निप्पल असतो. तिथून भरलेलं ग्रीस आतल्या वाटांनी चारही हातांना जातं आणि चारही टोप्यांच्या कडेनं नवं ग्रीस डोकावलं की थांबायचं.

"आलं का?" अण्णांनी विचारलं.

"आलं."

"चारी?"

खालून उत्तर आलं नाही. कचक्, कचक्, अजून दोनदा. ती कूस बदलल्याचा आवाज आला, बॅटरीचा उजेड पलीकडे सरकला.

"तीन," ती म्हणाली. "आजोबा, एकाच्या कडेला कुंकू आहे."

अण्णा खुर्चीतून उठले आणि मला म्हणाले, "पाना काढ."